चार निबंध आणि एक क्रियाविशेषण

तालुक्याच्या कॉलेजात प्राचार्य हुपरीकरांच्या इंग्रजीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तपासणी समितीसाठी त्यांनी इंग्रजीत अहवाल लिहिला आणि आकडे पडताळायला वैजयंता शेलारकडे दिला. ती तासिका तत्त्वावर गणित शिकवायची आणि दर जूनला तिची नेमणूक सरांच्या सहीवर ठरायची. तरीही तिने एका शब्दाखाली रेघ मारली. कॉलेजचं संशोधन ‘एक्स्पोनेन्शियली’ वाढलंय, असं सरांनी लिहिलं होतं.

सरांनी तिला प्राध्यापकांच्या भर सभेत उभं केलं.

“तीस वर्षं इंग्रजी शिकवतोय मी! एक्स्पोनेन्शियली म्हणजे झपाट्याने. चूक सिद्ध करा, नाहीतर जूनमध्ये इकडे फिरकू नका.”

गणितावर वैजयंताचा भरवसा पक्का होता.

“सर, हा शब्द वेग नाही, वाढीची रीत सांगतो. दरवर्षी आधीच्या आकड्याला त्याच एका संख्येनं गुणत जायचं. तीन वर्षांपूर्वी आपले शोधनिबंध किती होते?”

“एकही नव्हता! म्हणून तर यंदाचे चार ही झेप आहे.”

“शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच राहतं, सर. शब्द ठेवायचा तर हे चारही निबंध खोडावे लागतील. त्यातले दोन तुमचे आहेत.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबत खोकलं. सरांनी पेन काढलं, क्षणभर कागदाकडे पाहिलं आणि तो शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

“बसा,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि पुढचं पानही बघा जरा. तिथे तो दोनदा आलाय.”