लाखेनं धरलेलं मुसळ

एका राज्यात, जिथं पाखरं बोलत आणि शेजारी अबोला धरत, एक चांदीचं मुसळ होतं. जुन्या जादूगारानं त्याला चंद्र बांधून दिलेला. चंद्राला गिराण लागलं की राजा ते परातीत उभं करी. हात सोडला तरी उभंच राही. गिराण सुटलं की आपसूक आडवं पडे, मग लोक न्हात, मग चुली पेटत. तोवर पोटात पाण्याचा थेंब नाही. पोटुशी बाई त्याआधी पाणी प्याली, तर मूल मुकं निपजे. असा त्या राज्याचा नेम.

परातीत पाणी ओतायचं काम झिपरू म्हाताऱ्याचं. दात तीन, खोड्या तीनशे! शेजारीण धोंडाक्काच्या वळचणीला त्यानं मधमाश्यांचं पोळं टांगलं होतं. सात वर्षं झाली, ती त्याच्याशी बोलत नव्हती.

एका पुनवेला चंद्र गिराण घेऊनच उगवला. सगळी आळी राजाच्या चौकात जमली. गिराणात वाट चालू नये, म्हणून मिठाच्या गोण्यांचे बैल हाकणारा एक परका गडीही तिथंच टेकला. कुणी त्याला घोंगडी दिली, कुणी बैलांना कडबा टाकला. सगळ्यांच्या माना वर. तेवढ्यात झिपरूनं मुसळाच्या बुडाशी गरम लाख सोडली, आणि वर पाणी ओतलं.

"बसा लेकांनो उपाशी!" असं मनात म्हणाला. स्वतः दुपारीच हादडून आला होता.

सुटायची घटका आली, गेली. मुसळ पडेना. चंद्र विझल्या निखाऱ्यागत तसाच. राजानं मुसळ ओढलं, दहा पैलवानांनी ओढलं. हलेना. धोंडाक्काची सून चिमा भरल्या दिवसांची, घरात पाण्याविना बसलेली. धोंडाक्का घरी जाऊन आली.

"ओठ फुटले हो पोरीचे," म्हणाली, आणि त्या परक्यापाशीच रडायला लागली.

झिपरूच्या पोटातलं हसू तिथंच गोठलं.

राजवाड्याच्या कळसावर घुबडाच्या जातीचा पिंगळा बसला होता. तो बोलला, "लाख लावणाऱ्या, तीन ओंजळी पाणी माग. पहिली परक्याची, दुसरी शेजाऱ्याची, तिसरी तहानलेलीची. मागताना खरं सांग, आणि मुसळावर ओत."

"दिवसा आंधळा तू, तुला रे काय दिसतंय?" झिपरू म्हणाला.

कुणी हसलं नाही. वर चंद्र आणखी काळवंडला.

मग झिपरू परक्यापुढं गेला. "पाणी दे. लाख मी लावली."

परक्यानं त्याची ओंजळ भरली. "बाबा, ह्या लोकांनी मला ओळखदेख नसता जागा दिली. तू ह्यांचा कोण?"

झिपरू मुसळाकडं वळला. ओंजळ ओतली, लाखेला चीर गेली.

धोंडाक्कापुढं मान खाली घालून म्हणाला, "आक्का, मी."

"ठाऊक होतं मला. हाताला लाखेचा वास येत होता तुझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सात वर्षांचा राग आहे माझा. उगाच म्हाताऱ्यावर आळ नको."

शिवी दिली असती तर बरं, असं झिपरूला झालं. तिनं दिलेली ओंजळ ओतली, मुसळ डुललं.

चिमा घरात भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात तुळशीचं पान टाकलेला तांब्या. झिपरूनं खरं सांगितलं.

"हसायला आलं का हो आजोबा?"

"आलं होतं, पोरी. आता तोंड कुठं लपवू?"

चिमानं तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. स्वतःच्या ओठाला बोटही लावलं नाही.

"लपवू नका," म्हणाली. "सांडेल."

मग झिपरू चौकातून चालला. दोन्ही हात भरलेले, तोंड उघडं. लोक बाजूला होत गेले. सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं त्याला, चंद्राकडं कुणी बघेना. एवढी लांब वाट तो जन्मात चालला नव्हता.

ओंजळ रिती झाली. लाख सुटली. मुसळ खणकन पडलं. चंद्राची कड उजळली, मग आख्खा चंद्र मोकळा झाला.

चिमा घटाघटा पाणी प्याली. लोक न्हाले, चुली पेटल्या. चौकात एकच पंगत बसली, तिच्यात परका धोंडाक्काच्या शेजारी.

राजानं विचारलं, "ह्याला शिक्षा काय?"

"जेवायला बसवा," धोंडाक्का म्हणाली. "ए झिपऱ्या, सरक तिकडं. भात घे."

झिपरू बसला. पानावर भात पडला, वर तूप पडलं. घास काही उचलवेना.

असा त्या राज्याचा चंद्र सुटला, उपास सुटला, सात वर्षांचा अबोला सुटला. झिपरूला तेवढं त्या लाजेतून सुटायला फार दिवस लागले.