पत्रोबा आणि उघाडी

समुद्राच्या काठाला, पण समुद्रापेक्षा खाली, असं एक गाव होतं. गाव आणि खारं पाणी यांच्यामध्ये दगडांचा उंच, निसरडा बांध होता. बांधाला एकच दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ते वर ओढायचं, भरतीला खाली पाडायचं. एका भरतीला जरी दार उघडं राहिलं, तरी भातशेतीत खारं पाणी शिरून वर्षाचं अन्न गेलंच म्हणून समजा.

हे दार सांभाळायला एक राखणदार होता. समुद्र काही कोणाच्या सवडीने चालत नाही, त्यामुळे राखणदाराला गाव सोडता येत नसे. पलीकडच्या गावी त्याची बहीण राहायची. दर भाऊबीजेला ती ताट मांडून वाट बघायची, आणि दर वर्षी ताट तसंच उचलून ठेवायची. राखणदार यावर कधी बोलत नसे. त्याच्या मुलीला मात्र ते फार लागायचं.

एकदा गावच्या शाळेत एक बाई आल्या. त्यांनी बैलगाडीतून एक यंत्रमानव आणला होता. तो मान वळवायचा, चेंडू उचलायचा, पुढे केलेला हात हातात घ्यायचा. पोरांना हसू आवरेना.

“बाई, याला भूक लागते का?” एकाने विचारलं.

“नाही.”

“आणि कंटाळा?”

“तोही नाही. याला सांगितलेलं सगळं कळतं. न सांगितलेलं काहीच कळत नाही,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही विचार करा. आपल्या माणसांपैकी कोणाचे कष्ट कमी करायचे? त्याच्यासाठी एक यंत्र बनवा.”

मग काय विचारता! कोणी माशाचे काटे काढणारं यंत्र ठरवलं, कोणी पहाटेच्या कोंबड्याला दटावणारं. राखणदाराच्या मुलीला मात्र विचार करावाच लागला नाही.

बाईंनी शिकवलं तसं तिने पत्रे ठोकले, तारा वळवल्या, पाण्यावर तरंगणारा एक लाकडी ठोकळा जोडला. पावसाळाभर ती त्यातच होती. शेवटी उघाडीपाशी एक पत्र्याचा माणूस उभा राहिला. पाणी चढलं की ठोकळा उचलला जाई, आणि तो आपल्या हाताने दार पाडून घट्ट दाबून धरी. पोरांनी त्याचं नाव ठेवलं पत्रोबा.

राखणदाराने पत्रोबाला चहूबाजूंनी बघितलं. मग म्हणाला, “पण गो पोरी, लोक सांगून जातील ते कोणाला?”

गावाची एक रीत होती. बांधाबाहेरच्या चिखलात शिंपल्या वेचायला जाणारा माणूस राखणदाराला “जाऊन येतो” म्हणे, आणि परतला की “आलो” म्हणे. गेलेला प्रत्येक जण “आलो” म्हणेपर्यंत राखणदार दार पाडत नसे. बाहेरून आत यायला दुसरी वाटच नव्हती.

“बा, ते नुसतं बोलणं आहे,” मुलगी म्हणाली. “काम तर दार पाडायचंच ना? तू या भाऊबीजेला आत्याकडे जा बघू.”

तिच्या डोळ्यांतला आनंद बघून बापाला पुढे बोलवेना. तिथे त्याचंही चुकलं.

भाऊबीजेच्या सकाळी राखणदार नवा सदरा घालून निघाला. त्याला जाताना बघून मुलीचा ऊर भरून आला. थोड्या वेळाने एक म्हातारी टोपली घेऊन उघाडीतून बाहेर पडली. जाता जाता सवयीने पत्रोबाला म्हणाली, “जाऊन येते रे बाबा.”

अमावास्या नुकतीच झालेली, त्यामुळे उधाण मोठं होतं. पाणी भराभर चढलं, ठोकळा उचलला गेला आणि पत्रोबाने दार पाडलं. बांधावर जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतली माणसं हे नवल बघायला येणार होती.

टाळ्या थांबल्या तेव्हा दारावर पलीकडून धपधप आवाज येत होता.

मुलीने बांधावरून खाली वाकून पाहिलं. म्हातारी कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि मुठीने दार ठोठावत होती. मुलीने दोर ओढला, पण पत्रोबाचा हात हलेना. पाणी उतरेपर्यंत सोडायचं नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. मागे कापणीला आलेलं पिवळं भात उभं होतं. दार उघडलं तर भात जाणार, न उघडलं तर म्हातारी. आणि दार उघडायचं तर आधी पत्रोबालाच मोडावं लागणार होतं.

एक क्षण ती थांबली. तो क्षण तिला जन्मभर टोचत राहिला. मग तिने धोंडा उचलला आणि पत्रोबाचा हात खांद्यापासून मोडला. “ओढा रे!” ती ओरडली. सगळ्या पोरांनी मिळून दार वर घेतलं. पाण्याच्या लोटाबरोबर म्हातारी आत आली. तिची टोपली गेली, पण जीव वाचला. लोटाच्या जोरापुढे पोरांना दार पुन्हा पाडता येईना; मोठी माणसं धावत येऊन ते पाडेपर्यंत बांधालगतची शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली होती.

संध्याकाळी राखणदार परतला, तेव्हा गाव पारावर जमलं होतं. जो तो बोलत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला! “मोडकं धूड खाडीत फेका,” कोणी म्हणालं. “पोरीच्या नादाने राखण सोडली,” दुसरं कोणी म्हणालं.

मुलगी रडत नव्हती. ती पुढे होऊन म्हणाली, “चूक माझी आहे. दार पाडणं सोपं होतं, ते मी त्याला शिकवलं. माणसांची वाट बघणं हेच खरं काम आहे, ते मला कळलंच नाही.”

बाई खाली मान घालून म्हणाल्या, “आणि कष्ट कोणाचे, एवढंच मी विचारायला शिकवलं. ते कष्ट कोणाच्या जिवासाठी आहेत, हे विचारायला शिकवलं नाही.”

“आता मी दोराला चाक लावणार आहे,” मुलगी म्हणाली. “दार हलकं होईल, माझ्यासारखीलाही ओढता येईल. पण पाडायचं कधी, ते माणूसच ठरवेल.”

“म्हणजे तुझा बाप पुन्हा दाराशी बांधलेलाच!” एक शेतकरी म्हणाला.

“का? मी बसेन एका भरतीला. दुसऱ्या भरतीला तुम्ही बसा.”

इतकी वर्षं सगळ्यांनी त्या बांधाआडचं भात खाल्लं होतं, पण “आज तू जा, मी बसतो” असं राखणदाराला एकानेही म्हटलं नव्हतं. ज्याचं शेत सगळ्यात जास्त बुडालं होतं, तोच पहिल्यांदा उठला. राखणदाराजवळ जाऊन म्हणाला, “उद्याची भरती माझी.”

राखणदाराने खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावलं आणि तो तिथेच लहान मुलासारखा रडला.

तात्पर्य: यंत्र आपला भार उचलतं, आपली काळजी उचलत नाही. ती माणसांनीच वाटून घ्यायची असते.