धनेशाचा अर्धा वाघ

झाडं पाखरांशी गप्पा मारत, त्या काळातली ही गोष्ट. एका बेहड्याच्या ढोलीत धनेशीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं आणि चोच जाईल एवढीच फट उघडी होती. त्या फटीतून धनेश पिल्लांना उंबरं भरवायचा आणि त्यांनी कधी न पाहिलेलं रान त्यांना सांगायचा.

पण सांगायचा कसं? वाघाचं नाव काढलं की मिशांपासून शेपटीपर्यंत काही म्हणून सोडायचा नाही. तो शेपटीपाशी पोचेस्तोवर पिल्लं डाराडूर झोपलेली असायची.

"मी एवढा जीव तोडून सांगतो आणि ही खुशाल घोरतात!" धनेश फुरंगटला.

"अहो, उंबर भरवता तसा तुम्ही वाघही भरवता," धनेशीण हसली. "थोडं त्यांचं त्यांना शोधू द्या की."

दुसऱ्या दिवशी धनेश म्हणाला, "आज वाघ नदीवर आला, पाण्यापाशी वाकला आणि एकदम दचकला." एवढंच बोलून, मनावर दगड ठेवून तो उडून गेला.

परतला तर ढोलीत नुसता कल्ला! "वाघाची चोच गाळात रुतली!" थोरलं सांगत होतं. "छे! नदीने त्याच्या पंखांना गुदगुल्या केल्या!" धाकटं ओरडलं.

'अरे, वाघाला कुठले पंख!' धनेशाच्या अगदी चोचीवर आलं. धनेशिणीने डोळे वटारले, तसं ते त्याने उंबरासकट गिळलं. ऐकता ऐकता मात्र तोच फटीला चिकटला.

"मग? पुढे काय झालं?"

आतून धाकटं म्हणालं, "बाबा, थोडं तुमचं तुम्ही शोधा की!"