ढवळ्याचं आवतण

कौतिकाबाई आणि तिच्या चार मैत्रिणी वर्षभर दारोदार फिरून एकच मागणं मागत होत्या, की बैल हाकायच्या काठीचा खिळा काढून टाका. सभापती गंगाधररावांनी त्यांना चावडीवर सगळ्यांदेखत झिडकारलं. "जनावराला काय कळतंय? नुसतं कातडं आहे ते. तुम्ही भाकऱ्या थापा!" आम्ही गावकरी मुकाट बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होती. पहिला मान अर्थातच सभापतींचा. फेटा बांधून, फोटोवाल्याला घेऊन ते आपल्या ढवळ्याजवळ गेले. त्याच्या पुठ्ठ्यावर खिळ्याच्या ओल्या जखमा होत्या, त्यांवर माश्या घोंगावत होत्या. सभापतींनी त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

"कुणाला बोलावताय, सभापती?" कौतिकाबाई गर्दीतून पुढे आली.

"बैलाला! दिसत नाही का?"

"त्याला तर काही कळत नाही म्हणालात. आवतण कळत असेल, तर खिळाही कळतो. आणि खरंच काही कळत नसेल, तर गावासमोर आवतण माघारी घ्या. म्हणा, उद्या जेवायला येऊ नको."

पोळ्याचं आवतण कोण माघारी घेईल? शेवटी गड्याकडे वळून सभापती पुटपुटले, "काढ रे तो खिळा."

"मोठ्यानं बोला," कौतिकाबाई म्हणाली. "आवतण मोठ्यानं दिलं होतंत."