कारवीचा शेला

एका राज्यात धैर्यशील नावाचा राजा होता. राज्य डोंगराच्या कुशीत, बारमाही नदीच्या काठी. माती अशी की नुसती काठी रोवली तरी तिला कळी यावी. वाटेवर सोनचाफा, विहिरीवर जाई, कुंपणावर गोकर्ण. घरांच्या भिंतींवर रंगवलेली फुलं आणि बायकांच्या पदरांवर भरलेली फुलं.

राजाची राणी मृगावती फुलं रंगवी. राजाची धाकटी बहीण इरावती फुलं भरी. सकाळी राणीने बागेत बसून एखादं फूल न्याहाळावं, कोऱ्या कापडावर त्याची रेघ काढावी. दुपारी इरावतीने सुईदोरा घेऊन त्या रेघेत रंग भरावेत. सज्जात दोघी शेजारी शेजारी बसत.

राणी म्हणे, "वन्सं, ही पाकळी जरा जास्तच लाजली आहे."

इरावती म्हणे, "तुम्हीच तशी काढलीत, वहिनी. मी बापडी काय करू?"

मग दोघी हसत सुटत. जेवणं थंड होत, दासी हाका मारून थकत, पण यांचं पान पुरं झाल्याशिवाय सुई थांबत नसे. त्या राज्यातली म्हातारी माणसं अजून त्या दुपारींच्या गोष्टी सांगतात.

एके वर्षी राजमाता वारली. राजा रोज सकाळी तिच्या समाधीवर सोनचाफा वाही. संध्याकाळी पाहावं, तर फुलं काळवंडून गेलेली. राजाच्या जिवाला ते लागे. आईला वाहिलेलं फूलही टिकू नये, म्हणून तो झुरू लागला.

तेव्हा वक्रनाभ नावाचा एक मायावी दरबारात आला. वयाने किती, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

तो म्हणाला, "राजा, मी तुला न सुकणारी फुलं देतो."

"मोबदला?"

"फुलांचं सुकणं मला दे."

राजाला हसू आलं. "सुकणं घेऊन तू काय करणार?"

"ते माझं मी पाहीन."

राजा म्हणाला, "दिलं."

वक्रनाभाने हात फिरवला आणि राज्यातलं प्रत्येक फूल रत्नाचं झालं. चाफ्याचा पुष्कराज झाला, जाईचे मोती झाले, जास्वंदीचं माणिक झालं. लोक टोपल्या घेऊन धावले. राजाने महालातली सगळी रत्नं कोठारात रचली आणि दाराशी पहारा बसवला.

पण ती रत्नं शापित होती. जो त्यांना हात लावी, त्याला खरं फूल कसं असतं याचा विसर पडे. मग फुलाशी जोडलेलं आणखी काही विसरे, मग माणसं विसरे. भिंतींवरची रंगवलेली फुलं पांढरी पडली. पदरांवरचे धागे फिके झाले. आंब्याला मोहोर नाही, शेवग्याला शेंग नाही, पोळ्यांत मध नाही. नुकती बोलू लागलेली मुलं अंगाईत 'फूल' हा शब्द ऐकत आणि विचारत, म्हणजे काय?

मृगावती आणि इरावती यांनी मात्र रत्नांना हात लावला नाही. राणीने त्या दिवशी पुष्कराजाच्या चाफ्याजवळ नाक नेलं होतं. वास नव्हता. ती तशीच मागे फिरली होती, आणि वहिनीचा चेहरा पाहून इरावतीही. दोघींना सगळं आठवत होतं; त्यामुळेच त्यांना जास्त दुःख होतं. दोघी अजून सज्जात बसत, पण बोलत नसत. कापड कोरं, सुई गादीत टोचलेली.

एका सकाळी एक शिंजीर पक्षी सज्जात येऊन पडला. वाळल्या पानासारखा हलका झालेला. धडपडत तो इरावतीच्या जुन्या कापडावर गेला आणि त्यावरच्या पांढऱ्या फुलात चोच खुपसू लागला.

"बाई, इथे मध असायचा," तो म्हणाला.

"ते भरलेलं फूल होतं रे," इरावती म्हणाली. "त्यात मध कधीच नव्हता."

"तुझ्या फुलांना मी नेहमीच फसायचो. आता फसायलाही काही उरलं नाही."

राणीने वाटीत गुळाचं पाणी आणून त्याला पाजलं. जरा जीव आल्यावर पक्षी म्हणाला, "फुलं मेलेली नाहीत. त्यांचं आयुष्य वक्रनाभाने आपल्या आयुष्याला जोडून घेतलं आहे. उत्तरेच्या सुळक्यावर तो राहतो. मागायला येईल त्याला तीन कामं सांगायची, असा त्याच्या विद्येला बांध आहे. तिन्ही झाली तर त्याला परत द्यावंच लागतं."

"आजवर कुणी केली?"

"कुणीही नाही."

राणी राजाचा निरोप घ्यायला कोठारात गेली. राजा रत्नांच्या राशीत बसला होता. एकेक उचलून उजेडात धरत होता.

"महाराज, मी आणि वन्सं उत्तरेला जातो आहोत."

राजाने वर पाहिलं. नम्रपणे हात जोडले. म्हणाला, "अवश्य जा. पण बाई, आपण कोण?"

राणी बाहेर आली. इरावतीने तिचा हात धरला. तशाच दोघी निघाल्या. राणीच्या कमरेला कुंचला, इरावतीच्या बटव्यात सुया आणि पांढरे पडलेले धागे, आणि पुढे शिंजीर.

सुळक्याच्या पायथ्याशी दगडी दार होतं. आतून वक्रनाभाचा आवाज आला, "पहिलं काम. दारावर असं फूल काढा की दार आपण होऊन उघडेल. एक रेघ जरी खोटी पडली, तरी काढणाऱ्या हाताचा दगड होईल."

राणीने डोळे मिटले. कमळ काढावं की केवडा? मग तिला आठवलं मुदपाकखान्यामागच्या मोरीशी आपसूक उगवलेलं गुलबासाचं झुडूप. त्याची फुलं कुणी देवाला वाहत नसे. पण सज्जातून ते रोज दिसे, आणि दोघींनी त्याच्याइतकं दुसरं फूल न्याहाळलं नव्हतं. शिदोरीतल्या हळदीत चुना कालवून तिने लाल रंग केला, आणि कुंचला टेकवला. देठ काढला, पानं काढली, देठाच्या टोकाशी पीळ पडलेली मिटलेली कळी काढली आणि कुंचला खाली ठेवला.

वक्रनाभ आत हसला. "फूल कुठे आहे?"

"ऊन कलू दे," राणी म्हणाली. "गुलबास भर उन्हात उमलत नाही."

दोघी सावलीत बसल्या. राणीचा जीव हातात गोळा झाला होता. ती बोटं सारखी हलवून पाहत होती. ऊन कललं. दारावरच्या कळीचा पीळ सैल झाला, पाकळ्या हळूच फाकल्या, आणि त्यांच्याबरोबर दगडी दारही फाकलं.

आत चौक होता. चौकात धुक्याचा पडदा टांगलेला.

"दुसरं काम," आवाज आला. "या पडद्यावर फुलं भरा. टाका निसटला तर दोघी या धुक्यात विरून जाल."

इरावतीने सुई ओवली. पडद्यातून सुई आरपार गेली, धागा तसाच परत आला. धुक्याला ना ताणा ना बाणा. सुईने धरावं काय?

"वहिनी," ती म्हणाली, "तुमचं बोट पुढे करा."

तिने पहिला टाका राणीच्या बोटाभोवती अडकवला. दुसरा त्या पहिल्यात, तिसरा दुसऱ्यात. धाग्यातच धागा धरत तिने हवेत जाळी विणायला घेतली. रंग तर एकही नव्हता. इरावती क्षणभर थबकली, आणि मग किती दिवसांनी हसली.

"पांढरीच भरते. जाई, कुंद, तगर. यांना कुणाकडे रंग मागायला नको."

"तगरीच्या पाकळीला एका बाजूने वळण असतं," राणी म्हणाली.

"मला शिकवता, वहिनी?"

राणीही हसली. तो झरझर चालणारा हात, ती जुनी थट्टा. आपण कुठे आलो आहोत याचंही दोघींना भान राहिलं नाही. जसजशी फुलं भरत गेली, तसतसं धुकं त्यांच्यावर दंव होऊन बसलं. जाळी पुरी झाली तेव्हा पडदा उरला नव्हता, आणि समोर वक्रनाभ उभा होता. त्याच्या हसण्यातला जोर ओसरला होता.

त्याने राणीच्या खांद्याकडे पाहिलं. तिथे एक शेला होता, आणि सगळ्या राज्यातले रंग गेले तरी त्या शेल्यावरची फुलं निळीजांभळी, टवटवीत होती.

"हे कसं राहिलं?"

राणी म्हणाली, "हे फूल तुझ्या शापातल्या राज्याचं नाही. माझ्या माहेरचं आहे. कारवी."

तो शेला तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातला. नवी नवरी सासरी आली होती आणि कुणाशी बोलत नव्हती. इरावती, तेव्हाची परकरी पोर, तिच्याजवळ जाऊन बसली होती आणि म्हणाली होती, "वहिनी, तुमच्या गावी कसली फुलं असतात?" राणीने भिजल्या बोटाने फरशीवर कारवी काढून दाखवली होती. इरावतीने ती शेल्यावर भरली. सगळी फुलं भरून होईपर्यंत राणी आपल्या गावाबद्दल सांगत राहिली, आणि शेला पुरा झाला तेव्हा ती या घरची झाली. पुढे माहेरची माणसं गेली, घर पडलं. शेला तेवढा राहिला.

"तिसरं काम," वक्रनाभ म्हणाला. "हा शेला उसवा. एकेक धागा निघेल, तशी त्या फुलाची आठवण राणीच्या मनातून निघून जाईल. शेवटचा धागा माझ्या हातात आला की मी फुलांचं सुकणं परत देईन."

आपण होऊन कुणी आपली आठवण देत नाही, या भरवशावर तो आजवर जगला होता.

इरावतीने शेला छातीशी धरला. "वहिनी, नको. तुमच्याकडे तिकडचं हेच एक उरलंय."

"माहीत आहे."

"मग दुसरं काही मागू याच्याकडे."

"वन्सं, महाराजांनी मला विचारलं, आपण कोण." राणी खाली बसली. "उसवा. पण कात्री लावू नका. जसं भरलंत तसंच हळूहळू काढा. तोवर मी पुन्हा एकदा सगळं सांगते."

इरावतीने सुईच्या टोकाने पहिला टाका उचलला. राणी सांगू लागली.

"आमच्या डोंगरावर कारवी वर्षानुवर्षं नुसती हिरवी असते. मग एका वर्षी सगळा डोंगर एकदम निळा होतो. मी लहान होते. आबा मला खांद्यावर घेऊन चढले. खालून वाटलं, आभाळच उतरलंय. वर मधमाश्यांचा एवढा आवाज की आबांचं बोलणं मला ऐकू येईना. आईने पुढे त्याच मधात भाकरी कुस्करून दिली होती. दाट, काळसर मध. आबा म्हणाले, पोरी, डोळे भरून बघ, पुन्हा फुलेल तेव्हा तू सासरी असशील. मग त्यांनी मला खाली उतरवलं आणि..."

राणी थांबली. तिने इरावतीकडे पाहिलं.

"काय सांगत होते मी?"

इरावतीच्या हातातून शेवटचा धागा निघाला होता. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिने तो धागा वक्रनाभाच्या तळहातावर ठेवला.

"बोल," ती म्हणाली.

विद्येचा बांध त्याला मोडता येईना. तो म्हणाला, "दिलं."

शब्द सुटताच इतक्या दिवसांचं सगळं सुकणं त्याच्या अंगावर आलं. संध्याकाळच्या चाफ्यासारखा तो कडेने काळा पडला, मिटला, आणि वाऱ्याबरोबर गेला. जमिनीवर धागे पडले होते, पांढरेफटक. शिंजीर इरावतीच्या खांद्यावरून उडाला आणि कड्यावर फुललेल्या एका रानफुलात चोच घालून कितीतरी वेळ तसाच लटकून राहिला.

दोघी परतल्या तेव्हा वेशीपासूनच वास येत होता. झाडांखाली लोक माना वर करून उभे होते. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. भिंतींवरच्या फुलांना रंग चढले होते. कोठाराचं दार सताड उघडं होतं आणि पहारेकऱ्याच्या पागोट्यात चाफा होता. रत्नांच्या जागी फुलांची रास, आणि तिच्यात राजा धैर्यशील गुडघाभर उभा.

"मृगावती!" तो म्हणाला. "कुठे होतीस इतके दिवस? इरू, किती वाळलीस ग!"

राजाने ओंजळभर चाफा आईच्या समाधीवर वाहिला. संध्याकाळी तो सुकला. राजाने स्वतःच्या हाताने समाधी झाडली आणि म्हणाला, "उद्या ताजा आणू."

राज्याची घडी बसली. आंब्याला मोहोर आला, पोळ्यांत मध भरला, मुलांना फूल म्हणजे काय ते कळलं.

एका दुपारी इरावतीने तो कोरा शेला सज्जात उजेडाकडे धरला. धागे नव्हते, पण सुईची बारीक भोकं जिथल्या तिथे होती. त्यांतून ऊन येत होतं. तिने निळाजांभळा धागा ओवला आणि एकेक भोक धरून भरत गेली. राणी शेजारी बसून पाहत होती.

"किती देखणं आहे हे," ती म्हणाली. "कुठलं फूल, वन्सं?"

"कारवी. तुमच्या माहेरचं."

"तुम्ही कधी पाहिलंत?"

"नाही, वहिनी. पण मला सगळं पाठ आहे." इरावतीने धागा ओढून घेतला. "तुमच्या गावामागे डोंगर आहे. वर्षानुवर्षं तो नुसता हिरवा असतो. मग एका वर्षी सगळाच्या सगळा निळा होतो. तुम्ही लहान होतात. आबांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं..."

राणी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकू लागली. मध्येच म्हणाली, "थांबा. आबा काय म्हणाले, ते पुन्हा सांगा."

इरावतीने पुन्हा सांगितलं. खालून दासी जेवायला हाका मारत होती. दोघींपैकी एकीलाही ऐकू गेलं नाही. त्यांचं हरपलेलं जसं त्यांना सापडलं, तसं ऐकणाऱ्यांचंही त्यांना सापडो.