मागच्या भिंतीचं मडकं

"फाडायला हात आहेत, बघायला डोळे नाहीत. अशांसाठी का मरायचं माणसानं, बाबा?"

बाजाराच्या ओट्यावर बसून लिंबाजीबाबा पायाच्या भेगेतली वाळलेली माती नखानं काढत होते.

"साठ पोस्टरं लावली होती मी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही जागेवर नाही."

"साठ?"

"साठ. गिरणीवर, शाळेवर, एसटीच्या थांब्यावर. घराघरांच्या दारांवर."

"लई लावलीस," बाबा म्हणाले, आणि दुसरा पाय पुढे घेतला.

शर्वरीला राग आवरेना. आज प्रदर्शनाचा तिसरा दिवस होता, आणि शेवटचा.

दोन वर्षांपूर्वी ती कला महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली आणि थेट कारेगव्हाणला येऊन लिंबाजी कुंभारांच्या चाकाशी बसली. शिक्षक हसले, मैत्रिणी हसल्या. ती हटली नाही. चार शहरांतल्या थंडगार दालनांत कला कोंडून ठेवायची आणि वर म्हणायचं की खेड्यातल्या माणसाला तिच्यातलं काय कळतं, हे तिला सहन होत नव्हतं. आधी दाखवा तरी, मग बोला, असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

शेवटी एका संस्थेनं तिचं ऐकलं. एक टेम्पो दिला, चालक दिला, वीस पांढरे चौथरे दिले. शहरातल्या सात कलाकारांची कामं आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर, गावच्या कारागिरांची. आठवडी बाजाराच्या पत्र्याखाली तीन दिवस मांडायचं, चौथ्या दिवशी उचलून पुढच्या गावी जायचं. आठ गावं ठरली होती. पहिलं तिनं मुद्दाम कारेगव्हाण घेतलं. हे बाबांचं गाव. इथं तरी माणसं येतीलच.

कुणी आलं नाही.

म्हणजे येत होते, पण रस्त्यापर्यंत. काल दोन बायका पायरीपाशी आल्या. एकीनं आत बघितलं, पदर तोंडाला लावला, दुसरीचा हात धरला आणि दोघी मागे फिरल्या. शाळेच्या गुरुजींनी पोरांची रांग आणली होती. ती अर्ध्या वाटेवरूनच परत गेली.

अभिप्रायाच्या वहीत एकच नोंद होती, तीही टेम्पोचालक जमीरभाईंची. 'छान आहे. पंखा पाहिजे.'

"ताई, आवरायला घेऊ का? का गर्दी ओसरू द्यायची?" जमीरभाईंनी टेम्पोतूनच विचारलं.

"जमीरभाई, गप्प बसा."

"गप्पच तर बसलोय तीन दिवस."

सकाळीच संस्थेतून फोन आला होता. मॅडमचा आवाज गोड होता. एकाही गावकऱ्याचा फोटो नाही, शर्वरी. असो. पोस्टरवरचं मडकं तेवढं नीट आण. शहरातल्या उद्घाटनाला तेच मध्यभागी ठेवू या. ते बघून लोक बोलले, तर उरलेल्या सात गावांचं बघू. नाहीतर इथेच थांबावं लागेल.

त्या मडक्यासाठी जमीरभाईंनी वेगळं खोकं आणलं होतं. आत स्पंज, वर लाल अक्षरांत 'नाजूक'.

मडकं दारातच होतं, पहिल्या चौथऱ्यावर. आत येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच पडावी म्हणून शर्वरीनं ते तिथं ठेवलं होतं. वीतभर उंचीचं, पातळ, थोडं एका अंगाला कललेलं. लाकडी थापीनं चोपून घट्ट केल्याची एकही खूण त्याच्यावर नव्हती. जाळानं एका बाजूला काळी सावली धरली होती. दोन वर्षं ती तसं काही घडवायला बघत होती. इतकं साधं तिच्या हाताला कधी जमलं नाही.

ते तिला बाबांच्या घराच्या मागच्या भिंतीला सापडलं होतं. गोवऱ्यांच्या आडोशाला, पालथं घातलेलं. तसं तेव्हा एकच होतं.

"बाबा, हे मांडू?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

बाबा बराच वेळ मडक्याकडे बघत राहिले होते...

"मांड," ते म्हणाले होते.

मग तिनं त्याचा फोटो काढला, साठ पोस्टरांवर छापला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुमच्यासाठी आलंय. या, बघा.' मडक्यावर एक पांढरा कागद चिकटवला. 'शीर्षक: मौन. माती, राख. कलाकार: लिंबाजी कुंभार.'

"तुमचं नाव लिहिलंय मी त्याच्यावर," ती आता म्हणाली. "तुमच्या गावाला तेवढंही बघावंसं वाटलं नाही."

बाबा उठले. धोतराला हात पुसले आणि मांडणीच्या टोकाला गेले.

तिथून ते एकेका भांड्याशी थांबत आले. रांजणावर बोटाचं पेर मारलं, टण्ण वाजलं. घागरीवर मारलं, ती वाजली. पसरट परळ वाजवली, सुरई वाजवली. शहरातल्या कलाकारानं मुद्दाम चिरफाळलेला मातीचा चेहरा होता, त्याच्या कपाळावरही टिचकी मारली. तो बद्द बोलला. बाबा हसले नाहीत, पुढे सरकले.

बाजारात बायका घेतात तसं ते चाललं होतं. वाजवल्याशिवाय मातीचं भांडं कुणी घरी नेत नाही.

पहिल्या चौथऱ्याशी त्यांचा हात वर गेला... आणि तसाच खाली आला.

"याला नाही वाजवलंत?"

"न्हाई."

"का?"

"याला कुणी वाजवून घेत न्हाई, पोरी."

"म्हणजे?"

बाबांनी हात पाठीमागे घेतला.

"चांगलं भाजलेलं नाही म्हणून? मला माहीत आहे ते. कच्चट आहे. म्हणूनच तर ते..."

"बाकीची टिकावी म्हणून केली," बाबा म्हणाले. "हे एका फेकीत फुटावं म्हणून."

शर्वरीला हे वाक्य आवडलं. पुस्तिकेत टाकायला हवं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ती वही शोधायला वळली, तेव्हा तिला पायरीखाली माणूस दिसला.

तिशीचा असेल. अंगावर बनियन, खांद्यावर ओला पंचा, पायात काही नाही. दुपारच्या उन्हात, तापलेल्या धुळीत तो उघड्या पायांनी उभा होता आणि सरळ पहिल्या चौथऱ्याकडे बघत होता.

तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बघत होतं.

"या ना," ती लगबगीनं पुढे झाली. "या, आत या. तुमच्यासाठीच आहे सगळं."

माणूस एक पाऊल मागे सरला.

"पोरी," बाबा हळूच म्हणाले, "त्याला या म्हणू नको."

ती थांबली.

माणूस तिच्याकडे न बघता बाबांशी बोलला. "तुमच्या घरी जाऊन आलो, बाबा. मागं बघितलं. न्हाई तिथं."

"कोण गेलं, बळीराम?"

"आमचे अण्णा."

"कवा?"

"घटकाभर झाली. लेकीची वाट बघायची न्हाई म्हणले समदे. ऊन लई हाय."

बाबांनी डोक्यावरचं मुंडासं उतरवलं.

शर्वरी पहिल्या चौथऱ्याकडे वळली. पातळ, कललेलं, एका अंगानं काळं... तिचे आजोबा गेले तेव्हा ती घरातच होती. बायका स्मशानात जात नाहीत. खांदा देणाऱ्यांच्या पुढे कुणीतरी हातात काहीतरी धरून चाललं होतं, धूर निघत होता, एवढं तिनं गॅलरीतून पाहिलं होतं. ते काय होतं, हे तिनं विचारलं नव्हतं.

साठ पोस्टरं. गिरणीवर, शाळेवर... घराघरांच्या दारांवर.

आणि मारोतीअण्णांचं, बळीरामच्या घराचं, दार तिला नीट आठवलं. ओसरीत खाट होती. खाटेवर हाडांची मोळी झालेला म्हातारा. ती दारावर पोस्टर चिकटवत होती, तेव्हा तो मान वळवून बघत होता. तिनं हसून म्हटलंही होतं, "या बरं का, आजोबा." म्हातारा पोस्टरकडे बघत राहिला. मग आतून सून आली आणि तिनं खाट ओढून भिंतीकडे फिरवली.

डोळ्यांवर ऊन येत असेल, असं शर्वरीला वाटलं होतं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ती बाबांकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं. मी दारोदार लावत फिरले. तुम्ही का नाही सांगितलं?"

"मांडू का, इचारलंस. मांड म्हणालो. काय हाय, ते इचारलं न्हाईस."

"दोन वर्षं मी तुमच्याकडे..."

"दोन वर्षं तू कसं करायचं ते इचारलंस."

"हे उत्तर नाही, बाबा. एक माणूस खाटेवर पडून ते बघत होता. तुम्ही मला अडवायला हवं होतं."

पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती.

"हवं व्हतं," ते म्हणाले.

...

"साठ वर्षं झाली, पोरी. असली मडकी मागच्या भिंतीला ठिवतो. रातीबेराती कुणी येतं, तोंड फिरवून घिऊन जातं. बरं झालंय, वाईट झालंय, कुणी बघत न्हाई. माझ्या बापाचं बी कुणी बघितलं न्हाई." त्यांनी घसा साफ केला. "तू म्हणालीस, लई देखणं हाय. एकदा पुढं ठिवून बघावं वाटलं... माझा बी लोभच."

बळीराम उन्हात पाय बदलत होता. उजवा, डावा.

"बाबा," तो म्हणाला, "तिकडं खोळंबलेत."

"तिला माग," बाबा म्हणाले. "मांडलंय तिनं."

बळीरामनं पहिल्यांदा शर्वरीकडे बघितलं. रागानं नाही. तिला वाटलं, रागानं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

"हे..." ती म्हणाली. "दुसरं एखादं चालणार नाही का? ही घागर घ्या. ती सुरई... कुठलंही घ्या."

"ती फुटायची न्हाईत, ताई," बळीराम म्हणाला.

जमीरभाई टेम्पोतून उतरले होते. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण मयत कळत होतं. त्यांनी टोपी सरळ केली. त्यांच्या हातात ते खोकं होतं, आत स्पंज, वर 'नाजूक'. ते शर्वरीकडे बघत राहिले. पुढे करावं की मागे न्यावं, हे त्यांना ठरवता येईना.

उद्घाटन. मध्यभागी तेच मडकं. ते बघून लोक बोलले तर सात गावं.

सात गावं... तिथल्या टोपल्या विणणाऱ्या बायका, तो केरसुण्या बांधणारा म्हातारा, ज्याला तिनं शब्द दिला होता. त्यांनाही मोकळ्या हातानं सांगावं लागणार होतं की आता कुणी येणार नाही.

"बाबा, तुम्ही दुसरं करून द्या ना याला," ती पुटपुटली. "चाक लावते मी. किती वेळ लागेल?"

"वाळायला दोन दिस. भाजायला एक."

शर्वरीनं चौथऱ्याकडे बघितलं.

"हे दिलं, तर माझ्याकडे दाखवायला काही उरत नाही, बाबा."

"न्हाई उरत."

ती पहिल्या चौथऱ्याशी गेली. मडक्याला हात लावताना बोटाचं पेर नकळत पुढे झालं, वाजवायला. तिनं ते मिटून घेतलं.

मडकं उचललं. ते इतकं हलकं होतं की तिला वाटलं, हातात काही आलंच नाही. चौथऱ्यावर त्याच्या बुडाचा मातकट गोल तेवढा राहिला.

जमीरभाई टेम्पोकडे वळले. त्यांनी खोकं मिटून सीटमागे सारलं.

शर्वरी पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर थांबून तिनं चपला काढल्या. धूळ खरोखरच पोळत होती.

"दोन्ही हातांनी दे," मागून बाबांचा आवाज आला.

तिनं दोन्ही हात पुढे केले.

बळीरामनं पंचा सावरला, हात पुढे केले... आणि मडक्यापर्यंत येऊन ते थांबले.

"ह्याच्यावरचा कागद तेवढा काढून द्या, ताई," तो म्हणाला. "दारावरचा आम्ही तवाच काढला व्हता."