बियाण्याच्या वांग्याची गाय

एकदा काय झालं, एका बाईनं गाय भाजून खाल्ली.

थांबा, दचकू नका. पांघरूण नीट घ्या. गाय वांग्याची होती. पण त्या गावातली माणसं ऐकून दचकली ती दचकलीच. का, तेच तर सांगायचंय.

लांब समुद्रात जपान म्हणून एक देश आहे. आपल्याकडं उजाडायच्या आधी तिथं उजाडतं. तिथं पाण्याच्या काठाला एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात किनू नावाची बाई राहायची. गवताच्या चटया विणायची. घरात एकटीच. आधी आई होती, तोमे तिचं नाव. मागल्या वर्षी भाताची लावणी चालली होती, तेव्हा तोमे दुपारची जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

आता त्या गावाची एक रीत होती. आपल्यासारखीच, बरं का. घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणायचं नाही. 'जाऊन येते' म्हणायचं. मग घरातल्या माणसानं म्हणायचं, 'जाऊन ये.' शेजारी मीठ मागायला निघालं तरी म्हणायचं. तोमे जन्मभर म्हणत आली आणि सगळ्यात लांब निघाली त्या दिवशी काहीच बोलली नाही. किनूला तेच लागून राहिलं. विणता विणता तिचा हात थांबायचा. ती दाराकडं बघायची आणि पुन्हा विणायला लागायची.

मग उन्हाळा भरात आला. आपल्याकडं पितर येतात पितृपक्षात, कावळा होऊन. तिकडं भर उन्हाळ्यात येतात, आणि तेही वाहनावर बसून. वाहन कसलं म्हणाल तर काकडीचं. एक काकडी घ्यायची, तिला काड्यांचे चार पाय टोचायचे, मक्याच्या केसांची शेपूट लावायची. झाला घोडा. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो ना, तसंच. घोडा कशासाठी? माणूस लवकर घरी यावं म्हणून. आणि परत जाताना वांग्याची गाय. गाय का? तर सावकाश जावं, वळून वळून बघत जावं. शिवाय मुलाबाळांनी दिलेलं ओझं गायीच्या पाठीवर बसतं.

किनूनं कोवळी काकडी निवडून घोडा केला. शेवयांचा लगाम घातला. दारात काड्यांचा जाळ केला, म्हणजे आईला घर ओळखू यावं. मग ती वाट बघत बसली.

आलेलं माणूस दिसत नाही, बरं का. कळतं तेवढंच. चहाचा पेला भरून ठेवावा, तर थोड्या वेळानं तो बोटभर कमी होतो. उशीला मधेच खळगा पडतो. किनूला कळलं, आई आली. मग काय, तिनं भात केला, शेवया केल्या. गावातली माणसं ढोल वाजवून गोल गोल नाचायची. किनू एक जागा मोकळी ठेवून नाचायची. बोलायची तर इतकं, की शेजारच्या हात्सुमावशीनं कुंपणावरून विचारलं, "अगं, आई आलीय, की आईला ऐकवायला तू आलीयस? श्वास तरी घेऊ दे तिला."

पण सणाला शेवट असतोच. निरोपाचा दिवस आला. घरोघरी गायी उभ्या राहिल्या. जांभळ्या, चकचकीत, छोट्या छोट्या. संध्याकाळी माणसं कागदाचे दिवे पाण्यात सोडणार आणि गायी चालायला लागणार.

किनूनंही वांगं घेतलं. काड्या घेतल्या. पहिला पाय टोचायला गेली आणि तिच्या मनात आलं, गायच नसेल तर आई जाईल कशी?

मग तिनं काय केलं असेल? वांगं विस्तवावर ठेवलं. चांगलं भाजलं. वर मीठ भुरभुरलं आणि खाऊन टाकलं. काड्या चुलीत घातल्या. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे वाहत गेले. किनू घरातच बसून राहिली. चहाचा पेला पुन्हा बोटभर कमी झाला, तशी ती एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी भरून आत आली आणि दारातच थिजली. चुलीपाशी आई बसली होती. नुसती कळत नव्हती, दिसत होती. पिकले केस, वाकलेली पाठ, कोपराला ठिगळ लावलेला तोच निळा अंगरखा. किनूच्या हातातली घागर खाली पडली. पाणी सगळ्या घरभर झालं.

"पाणी पूस आधी," आई म्हणाली. "मी काल तयार होऊन बसले गं. गाय आलीच नाही."

किनूनं फडकं घेतलं. मग ती म्हणाली, "येईल आई. गाय ती. सावकाशच यायची."

"हो, तेही खरंच," आई म्हणाली.

केवढं बरं वाटलं म्हणता किनूला. दिवसभर दोघी शेजारी बसून विणत होत्या. पण संध्याकाळी समुद्राकडून वादळ उठलं. खारं वारं सुटलं, पिकं आडवी झाली, वांग्याची झाडं मिठानं जळून काळी पडली. किनूनं तिकडं लक्ष दिलं नाही. आई घरात होती ना.

पुढल्या सकाळी ती उठली. चुलीपाशी एक बाई पाठमोरी बसली होती. केस काळेभोर, पाठ ताठ. तिनं मान वळवली. तोंडावळा आईचाच, पण वय किनूएवढं. आरशात बघावं तसं किनूला झालं. ती भिंतीला टेकली.

"जरा हळू बोल हं," ती बाई म्हणाली. "माझी किनू आत्ताच निजलीय. दात येतायत तिला."

"आई, मी किनू," किनू म्हणाली.

बाई हसायला लागली. "थट्टा करतेस होय? माझी किनू अजून धड रांगत नाही."

आणि ती रिकाम्या कोपऱ्याकडं बघून अंगाई म्हणायला लागली. किनूला ती अंगाई पाठ होती. ती ऐकत बसली. तिला वाटलं, उद्या सगळं ठीक होईल.

ठीक कुठलं व्हायला? त्याच्या पुढल्या दिवशी चुलीपाशी कोणी नव्हतंच. किनू धावत बाहेर आली. पायरीवर एक चिमुरडी बसून रडत होती. निळा अंगरखा तिला पायापर्यंत आला होता आणि बाह्यांत हात हरवले होते. कोपराचं ठिगळ पार खाली लोंबत होतं.

तिनं वर बघितलं आणि विचारलं, "काकू, माझी आई कुठंय? मला घरी जायचंय."

'काकू' म्हणाली ती, बाळांनो. आपल्याच लेकीला. किनूनं तिचे डोळे पुसले. एवढ्यात हात्सुमावशी कुंपणापाशी आली. वादळानं तिचं कुंपण पडलं होतं, त्याची तक्रार करायला आली होती. तक्रार तोंडातच राहिली. ती त्या पोरीकडं बघत राहिली.

"ही तोमे," मावशी हळूच म्हणाली. "आम्ही दोघी एवढ्या होतो तेव्हा शिंपले वेचायला जायचो. हिचा हा पुढचा दात तेव्हा असाच पडला होता."

"ह्या आजी कोण?" पोरीनं किनूला विचारलं.

मावशी पायरीवर बसली. मग म्हणाली, "किनू, तुझी गाय कुठंय?"

"खाल्ली."

"काय केलीस?"

"भाजून खाल्ली, मावशी."

मावशीनं कपाळाला हात लावला. ऐकायला आणखी माणसं जमली होती. ती मागं सरली, जशी काही किनूच्या तोंडाला रक्त लागलं होतं. कोणी म्हणालं, आपल्या गावात असं कधी झालं नव्हतं. कोणी म्हणालं, आमच्या म्हाताऱ्याची गाय आम्ही कशी जपून ठेवली होती. आणि म्हणणारे म्हणून घरी गेले.

मावशी तेवढी राहिली. ती म्हणाली, "आलेलं माणूस वयानं मागं चालायला लागलं म्हणजे थांबत नसतं. उद्या ही तान्ही होईल. त्याच्या पुढं..." तिनं पोरीकडं बघितलं. "आज गाय दे हिला. तिकडं पोचली तर पुढल्या वर्षी परत यायची तरी."

किनू मळ्यात धावली. झाड न् झाड काळं. सगळ्या गावात फिरली. वांगं कुठंच नव्हतं.

नव्हतं म्हणजे, एक होतं. किनूच्याच घरात. आढ्याला सुतळीनं टांगलेलं, पिवळं पडलेलं, चांगलं थोराड. बियाण्याचं वांगं. तोमेच्या आईनं धरलेलं बी, तोमेनं वर्षानुवर्षं जपलेलं. सगळ्या गावाची वांग्याची रोपं त्याच घरातून जायची. दुसरं बी गावात नव्हतं.

"हे दिलंस," मावशी म्हणाली, "तर पुढल्या उन्हाळ्यात गावात वांगं नाही. वांगं नाही म्हणजे गाय नाही. तुझ्या आईलाच काय, कुणालाच बोलावता यायचं नाही. आणायचं आणि अडकवून ठेवायचं, असं कोण करील?"

"आतलं बी काढून घेतलं तर?" किनूनं सुरी उचलली.

"पोखरलेली गाय ओझं नेईल का गं?"

किनू वांगं हातात धरून उभी राहिली. आज आईला वाटेला लावलं तर पुन्हा कधी बोलावता यायचं नाही. न लावलं तर उद्या तान्ही, आणि मग काहीच नाही. पायरीवर ती पोर रडून रडून दमली होती. अंगरख्याच्या लांब बाहीनं नाक पुसत होती. किनूनं तिच्याकडं बघितलं. मग सुरी बाजूला ठेवली आणि काड्या आणायला उठली.

ती पोरीजवळ बसली. एक पाय टोचला, दुसरा टोचला. पोरीचं रडं थांबलं.

"पिवळी गाय?" तिनं विचारलं.

"पिवळी. म्हातारी आहे ना, म्हणून."

"शेपूट मी लावणार."

"लाव बाई."

पोरीनं मक्याच्या केसांची शेपूट लावली. वाकडी लावली. किनूनं ती तशीच राहू दिली. मग भात, शेवया, लोणचं असं गाठोडं बांधून गायीच्या पाठीवर ठेवलं. सूर्य कलायला लागला होता. किनूनं गाय समुद्राच्या वाटेवर ठेवली.

आणि गाय चालली. पहिल्या पावलाला मांजराएवढी झाली. पुढं वासराएवढी. मग खरोखरच्या गायीएवढी, पिवळीधमक, वाकड्या शेपटीची. किनूनं पोरीला उचलून वर बसवलं. चिमुकल्या हाताची मूठ सोडवायला तिला फार वेळ लागला.

गाय सावकाश निघाली. काड्यांच्या पायांची गाय ती, घाई कसली? किनू बघत होती. एका जुन्या झाडापाशी गाय पोचली, तेव्हा पाठीवरची पोर मोठी दिसायला लागली. अंगरखा अंगाला बसला. देवळापाशी पोचली, तेव्हा काळ्याभोर केसांची बाई बसली होती. पुलापाशी तिचे केस पिकले, पाठ वाकली. किनू टाचा उंचावून उभी होती.

पुलावर गाय थांबली. म्हातारी वळली. तिनं किनूकडं नीट बघितलं, आपल्या लेकीकडं बघावं तसं.

"किनू," ती म्हणाली, "जाऊन येते गं."

वर्षभर ऐकायचं राहिलं होतं ते. किनूला खरं तर म्हणायचं होतं, कशी येशील, बीच गेलं. पण तिनं तसं म्हटलं नाही. रीत होती ती पाळली.

"जाऊन ये, आई," ती म्हणाली. "सावकाश जा."

पुलापलीकडं धुकं होतं. तिथं गाय दिसेनाशी झाली.

त्या वर्षी किनूनं पुष्कळ चटया विणल्या. दाराकडं बघून हात थांबायचा नाही आता. फक्त मळा रिकामा राहिला. गावातली माणसं तिच्याशी जरा तुटकच बोलायची.

मग थंडी सरली, पाऊस झाला आणि एका सकाळी हात्सुमावशी ओरडतच आली. म्हातारी कधी ओरडायची नाही, बरं का. किनूला वाटलं, आता काय झालं. ती धावत बाहेर गेली आणि जागीच उभी राहिली. तिच्या दारापासून पुलापर्यंत, वाटेच्या कडेकडेनं, वांग्याची रोपं उगवली होती. गाय चालताना काय करते, ठाऊक आहे ना? हसू नका. त्या गायीच्या पोटात बी होतं. गाय सावकाश चालली, आणि वाटभर बी टाकत गेली. घोडा असता तर एवढं पडलं असतं का?

मावशी म्हणाली, "तोमेचंच काम हे. जाता जाता पेरणी करून गेली."

गावात सगळ्यांना वांगी झाली. उन्हाळ्यात किनूनं घोडा केला आणि पहिल्याच दिवशी शेजारी गायही करून ठेवली. शेपूट मुद्दाम वाकडी लावली. चहाचा पेला बोटभर कमी झाला. निरोपाच्या संध्याकाळी किनूनं दिवा पाण्यात सोडला आणि 'जाऊन ये' म्हणाली. मग घरी येऊन पोटभर जेवली. आई तिकडं सुखात, किनू इकडं सुखात.

आता मिटा डोळे. पिवळी गाय चाललीय, हळूहळू. तिच्या पाठीवर जागा आहे, बसा हवं तर. आणि झोपेच्या गावाला निघताना काय म्हणायचं?

हं. जाऊन या.